शेवटी येणाऱ्याची जागा

माझ्या बहिणीचा नवरा रौनो धुराडी साफ करतो. आमच्या पंचक्रोशीतल्या प्रत्येक घरात तो वर्षातून एकदा जातो, चुलीत डोकं घालतो, छपरावर चढतो, काजळी खरवडतो आणि कुणाच्या अध्येमध्ये न येता निघून जातो. तो येऊन गेला हे लोकांना दुसऱ्या दिवशी चूल एका काडीत पेटली की कळतं. नवरा असाच असावा, असं तुइरे लग्नाआधी म्हणायची. आता ती तसं म्हणत नाही.

जुलैच्या सुरुवातीला मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती तळ्याच्या लाकडी धक्क्यावर गुडघे टेकून सतरंज्या घासत होती. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्याच बायका चिंध्यांच्या सतरंज्या तळ्यावर आणून धुतात, आणि मनातलं काही बोलायचं असेल तर ते तेव्हाच बोलतात. ब्रश हातात असला की समोरच्याकडे बघावं लागत नाही.

"त्याला कुठेतरी घेऊन जा," तुइरे म्हणाली.

"कुठे?"

"वर. उत्तरेला. तंबूबिंबू घेऊन. दरवर्षी दोघं जायचं म्हणता, मोटारसायकलींना तेलपाणी करता आणि परत झाकून ठेवता. या वर्षी खरंच जा."

काठावर थोड्या अंतरावर त्यांचं सौना होतं. ओंडक्यांची खोली, आत एका बाजूला वाफेची आंघोळ, दुसऱ्या बाजूला कपडे बदलायला जागा आणि एक अरुंद बाक. त्या बाकावर रौनो मार्चपासून झोपत होता. मार्चमध्ये त्यांची मुलगी हेन्ना तान्ह्या ओइवाला घेऊन तुर्कू शहरातून आली. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं फाटलं होतं. ती आली त्याच संध्याकाळी रौनोनं उशी काखेत मारली, बर्फ तुडवत सौनापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. जेवायला घरात यायचा, भांडी धुवायचा, लाकडं फोडून द्यायचा, नातवाला तोंड वेडंवाकडं करून दाखवायचा आणि परत जायचा.

"मी विचारलं, तिकडे कशाला? तर म्हणाला, इथं बरं आहे." तुइरेनं सतरंजीवर असा ब्रश मारला की मी मागे सरकलो. "इथं बरं आहे. म्हणजे माझ्याजवळ बरं नव्हतं. निमित्त शोधत होता, मिळालं."

"तसं तो म्हणाला का?"

"तो काही म्हणतो का कधी?" तिनं बादलीभर पाणी ओतलं. पाइनच्या साबणाचा फेस तळ्यावर पांढऱ्या बेटांसारखा तरंगत गेला. "हेन्ना ऑगस्टात, शाळा उघडायच्या आत, तुर्कूला परत चाललीय. मला म्हणतेय, आई, तूही चल, बाळाला तुझी गरज आहे. त्याला मी नको असेन तर मी घराला कुलूप लावते आणि जाते. हवी असेन तर त्यानं तसं सांगावं. एवढंच मला आणून दे."

"सरळ विचारतो मग."

"सरळ नको! सरळ विचारलंस तर समोरच्याला जे बरं वाटेल ते बोलेल. मला काय हवंय ते त्याला कळता कामा नये."

"तुला काय हवंय?"

"ते तुला कशाला सांगू? तू त्याला सांगशील."

मी शाळेत स्वीडिश शिकवतो. ती भाषा आमच्या मुलांना सक्तीनं शिकावी लागते, त्यामुळे समोरच्याची इच्छा नसताना त्याच्या तोंडून वाक्य काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. तुइरेनं मला निवडलं ते बहुधा त्यासाठीच. शिवाय तिला दुसरा भाऊ नाही.

रौनोला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "चालेल." मग दोन दिवस गेल्यावर म्हणाला, "कधी?" आणि आम्ही निघालो.

माझी मोटारसायकल आमच्या वयाचे पुरुष घेतात तशी आहे, म्हणजे गरजेपेक्षा मोठी. रौनोची जुनी, लष्करी हिरव्या रंगाची, उजव्या अंगाला साइडकार असलेली. चढावर ती दम्याच्या माणसासारखी बोलते, उतारावर गप्प होते. साइडकारमध्ये पूर्वी तुइरे बसायची, मांडीवर पावाची पिशवी घेऊन, वाऱ्यानं डोळे बारीक करून. मग कधीतरी तिथे बर्चची लाकडं बसू लागली. तुइरे उठली म्हणून लाकडं बसली की लाकडं बसली म्हणून तुइरे उठली, हे दोघांपैकी कुणीच सांगत नाही. या खेपेलाही त्यानं घरची वाळलेली लाकडं काठोकाठ भरून वर ताडपत्री बांधली होती. आम्ही जिकडे चाललो होतो तिकडे झाडांशिवाय काही नाही.

"रानात लाकडं मिळत नाहीत का?" मी विचारलं.

"ओली असतात."

"वाळलेलीही असतात."

"ती दुसऱ्या कुणाला लागतील."

उत्तरेचा रस्ता आधी वळणं सोडतो, मग गावं सोडतो, मग झाडं उंच व्हायचं सोडतात. शेवटी सूर्य मावळायचं सोडतो. तळ्यांच्या कडेकडेनं तो तिरका चालत राहतो, निरोप कसा घ्यावा हे न सुचणाऱ्या पाहुण्यासारखा. मी घड्याळ खिशात टाकून दिलं. दमलो की थांबायचं, भूक लागली की किटली ठेवायची. झोप म्हणजे तंबूच्या पिवळ्या कापडामागे डोळे मिटून उजेडातच पडून राहणं. त्यात स्वप्नं पडायची तीही उजेडाचीच, आणि उठल्यावर पाहावं तर बाहेर स्वप्नातलंच तळं. दलदलींवर कापूसगवत पांढरं हलत असायचं. एकदा मी ते बर्फ समजून ब्रेक दाबला. एकदा खरोखरच रेनडिअरचा कळप धुक्यातून रस्त्यावर आला, पाय न टेकवता आल्यासारखा, आणि एक मादी रस्त्याच्या मधोमध बसली.

रौनोनं इंजिन बंद केलं.

"हॉर्न वाजव ना," मी म्हणालो.

"बसलीय ती."

"तेच म्हणतोय मी."

तो गाडीवरून उतरला आणि किटली काढली. आमची कॉफी उकळून, पिऊन, कप पुसून झाले तरी ती बसलेली होती. रौनोनं तिच्याकडे पाठ केली होती. बघत राहिलं तर तिला घाई केल्यासारखं वाटेल, असं त्याचं म्हणणं. पुढे एका पेट्रोलपंपावर मागून येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं हातानं पुढे जा म्हटलं, आणि पंपावरची बाई बाहेर येऊन "तुझी तब्येत बरी आहे ना रे?" असं विचारेपर्यंत आमचा नंबर लागला नाही. मी हे सगळं बघत होतो आणि मला काहीही कळत नव्हतं. शिकलेल्या माणसाचं तसंच असतं.

कामाला मी पहिल्या मुक्कामापासून लागलो होतो. शेकोटीवर सॉसेजं फुगत होती.

"घरी सगळं बरं?" मी विचारलं.

त्यानं सॉसेज उलटलं. "चूल धूर चांगला ओढते."

पुढच्या मुक्कामी मी जरा जवळून सुरुवात केली. "सौनात डास फार असतील."

"धूर केला की जातात."

"थंडीत अवघड झालं असेल पण."

"सौना आहे, इस्मो. तापतं ते."

त्याच्या पुढच्या मुक्कामी मी म्हणालो, "माणसाला घर लागतं, नाही का?"

त्यानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि विचारलं, "तुझं काही बिनसलंय का?"

रौनो आपला तंबू माझ्या तंबूपासून लांब लावायचा. रोज थोडा अजून लांब. मी घोरतो म्हणून असेल, असं मला वाटलं. पुढे कळलं की आपण घोरतो असं त्यालाच वाटत होतं.

मग पाऊस लागला. असा बारीक, निवांत पाऊस की तो पडतोय की तरंगतोय ते कळू नये. बूट भरले, हातमोजे भरले, आणि वाट संपत आली तेव्हा पुढचं काही दिसेना. ढगातून मोटारसायकल चालवावी तसं झालं. रस्ता एका लाकडी फाटकाशी संपला. तिथून पायवाटेनं पुढे हार्मायार्वी तळ्यावर रानातली बिनकुलपाची खोपी होती. कुणीही यावं, चूल पेटवावी, झोपावं, जाताना झाडून घ्यावं आणि पुढच्यासाठी फोडलेली लाकडं ठेवून जावं. मी झोपायची पिशवी घेऊन पळत सुटलो. रौनो साइडकारमधली लाकडं पाठीवर घालून घेऊन आला. मग परत गेला आणि उरलेली आणली. मग परत गेला.

खोपीत झोपायला दोन अरुंद फळ्या, एक टेबल, एक लोखंडी चूल. रौनोनं चुलीशी गुडघे टेकले, दोन बोटांनी धुराड्याची झडप चाचपली, बर्चच्या सालीची एक वळी पेटवली, आणि थोड्याच वेळात ती खोपी जगातली सगळ्यात चांगली जागा झाली. मोजे दोरीवर वाफा सोडू लागले. वाटाण्याचं सूप खदखदायला लागलं. खिडकीबाहेर तळं आणि आभाळ यांच्यात फरक उरला नव्हता. दोन्ही दुधासारखं, आणि त्यात एक पाणकोंबडा कुठेच न टेकता तरंगत होता. मी फळीवर आडवा झालो. मला वाटलं, आता हा बोलेल. अशा उबेत दगडसुद्धा बोलतो.

आणि तो खरंच बोलला. आगीकडे बघत म्हणाला, "तुइरे साल अशी नाही लावत. ती वळीच्या आतून पेटवते."

"म्हणजे?"

"धुरावरून कळतं. सकाळी आधी एक पांढरा झोत येतो, बारीक. मग थांबतो. मग जाड येतो. ती साल आतून लावते म्हणून."

"तू बघतोस?"

"सौनाच्या खिडकीतून दिसतं." त्यानं चुलीत एक लाकूड सारलं. "रोज."

पुढचं वाक्य त्याच्या गळ्यापर्यंत आलेलं मला दिसत होतं. तेवढ्यात दार उघडलं आणि एक भिजलेला कुत्रा आत आला.

कुत्र्यामागून एक म्हातारी आली. अंगावर पुरुषी रेनकोट, डोक्यावर लाल हेल्मेट, हेल्मेटला डासांची जाळी. तिनं हेल्मेट काढलं तेव्हा त्यातून पाणी सांडलं.

"फाटकाशी दोन गाड्या दिसल्या," ती म्हणाली. "म्हटलं, चला, चूल पेटलेली असणार. मी औने. हा वेली. माणसांपेक्षा बरा आहे, पण हागतो कुठेही."

रौनो उठून उभा राहिला होता. "या. तुम्ही बसा इथं."

"तुम्ही म्हणजे कोण? मी आणि कुत्रा?"

"हो," रौनो म्हणाला. "दोघंही."

खोपीचा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच कुणी मोडत नाही. शेवटी येईल त्याचा हक्क पहिला. आधी आलेला ऊब घेऊन बसलेला असतो, त्याचे मोजे वाळलेले असतात. जागा कमी पडली तर उठायचं त्यानं. आमच्याकडे हे पोराला चालायला येतं त्याच सुमारास कळतं. पण नियमाची अंमलबजावणी साधारण अशी असते की सगळे एकमेकांना "बसा हो, बसा" म्हणतात, गुडघे पोटाशी घेतात, आणि दोघांच्या फळीवर तिघं कुरकुरत झोपतात.

"होईल की तिघांचं," औने म्हणाली. "मी लाकडासारखी झोपते. कूसही बदलत नाही."

"हो, होईल," मी म्हणालो. माझे मोजे अजून वाळायचे होते.

रौनोनं मात्र झोपायची पिशवी गुंडाळली होती. त्यानं औनेसाठी सूप वाढलं, कुत्र्याखाली स्वतःचा स्वेटर घातला, चुलीत दोन लाकडं टाकली आणि तंबू उचलून दाराबाहेर पडला.

"अरे, कुठे?" मी ओरडलो.

पावसातून त्याचा आवाज आला, एकदम समाधानी. "इथं बरं आहे."

काही वाक्यं माणूस सांगोवांगी ऐकतो तेव्हा त्यांचा आवाज ऐकू येत नाही. तुइरेनं हे वाक्य मला सांगितलं होतं ते ब्रश आपटत. आता मी ते मूळ आवाजात ऐकत होतो, आणि त्यात राग नव्हता, कंटाळा नव्हता. कुणाला तरी जागा करून दिल्याचं सुख होतं.

"मी हाकललं का याला?" औने म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "काय माणूस आहे! आता माझ्या घशाखाली हे सूप उतरायचं कसं? तुझा कोण तो?"

"बहिणीचा नवरा."

"मग जा ना, बघ. इथं काय बसलायस लोणी लावलेल्या पावासारखा."

पाऊस थांबत आला होता. रौनो तळ्याच्या काठावर उपड्या होडीवर बसला होता, मागे त्याचा तंबू ताठ उभा. पाण्यावर पावसाची शेवटची वर्तुळं उठत होती आणि ढगाच्या एका चिरेतून सूर्य आला होता, सगळ्या काठाला मधासारखा रंग लावत. मी त्याच्या शेजारी बसलो. तुइरेनं सरळ विचारू नको म्हटलं होतं. पण माझे पाय ओले होते.

"रौनो, मार्चमध्ये तू सौनात का गेलास?"

"हेन्ना आली ना."

"मग?"

"शेवटी आलेली ती. बाळाला घेऊन. घरात खोल्या किती थोड्या, तुला माहीत आहे." त्यानं माझ्याकडे पाहिलं, हा एवढा शिकलेला आणि याला असं सोपं कळू नये अशा नजरेनं. "आधीचे आम्ही दोघं. तुइरेला उठवून कसं चालेल? बाळाला तीच लागते. मग उरलो मी."

"हे तिला सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? तिचाही जन्म इथलाच आहे."

एक मासा उडाला आणि पाण्यात परत गेला. त्याचं वर्तुळ काठाला येऊन लागलं.

"बरं. पण घर म्हणजे खोपी नाही, बाबा. नंतर परत का नाही गेलास?"

"उठून गेलेल्यानं परत येऊन दारात उभं राहायचं नसतं. बसलेल्यांना कसंतरी होतं." तो डोक्यावरच्या डासांच्या जाळीखालून डास काढू लागला. "ती हाक मारेल, असं वाटलं होतं. नाही मारली. म्हटलं, ऐसपैस झोपत असेल. बरं वाटत असेल तिला."

"तिला वाटतंय की तू तिला सोडलंस."

त्याचा हात थांबला. डास त्याच्या बोटावर बसला, पोटभर प्यायला, उडून गेला.

मग मी सगळंच सांगून टाकलं. तुर्कू, कुलूप, शाळा उघडायच्या आतला मुहूर्त, सगळं. तिला काय हवंय ते बहिणीनं मला सांगितलं नव्हतं, ते बरोबरच होतं. रौनो ऐकत राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे तिला. तिला बरं वाटत असेल तर."

"तुला काय हवंय?"

"मला काय."

"अरे गाढवा, माझ्याशी तरी एकदा बोल! तुला काय हवंय?"

मी आयुष्यात त्याच्यावर ओरडलो नव्हतो. तळ्याच्या पलीकडून माझा आवाज परत आला, जरा सौम्य होऊन. रौनो खाली बघत होता. त्याच्या नखांत काजळी होती. ती कधीच जात नाही.

"तो धूर," तो म्हणाला. "आतून बघायचाय."

खोपीचं दार तेवढ्यात उघडलं आणि औने रेनकोट खांद्यावर टाकून, कॉफीची किटली हातात घेऊन आमच्याकडे आली, मागून कुत्रा रौनोचा स्वेटर ओढत.

"ए लांब्या!" ती रौनोवर करवादली. "मला पाप लावतोस का? ऊठ, चल आत. तू बाहेर गेलास, मी आत होते. आता तू आत आलास तर शेवटी आलेला कोण? तू! मग बघू तुला कोण हलवतं. मला उठावं लागेल. हवंय का तसं? नाही ना? मग निमूट तिघं सरकून झोपू."

ती थट्टा करत होती. तिनं कपात कॉफी ओतली आणि स्वतःच हसली. पण रौनो हसला नाही. तो कप हातात धरून बसून राहिला, आणि मला त्याच्या कपाळावर विचार चढताना दिसला, हळूहळू, चढावरच्या त्याच्या गाडीसारखा.

"हे बरोबर आहे का?" त्यानं मला विचारलं.

"काय?"

"बाहेर गेलेला परत आला की तो शेवटी आलेला होतो?"

मी शिक्षक आहे. गंभीर प्रश्नाला गंभीर उत्तर द्यायचं असतं. "नियमात त्याविरुद्ध काही नाही," मी म्हणालो.

"म्हणजे त्याला जागा करून द्यावी लागते."

"द्यावीच लागते."

त्यानं कॉफी संपवली, कप तळ्यात विसळला, औनेला दिला, आणि तंबू पाडायला लागला.

"आता काय झालं?" औने म्हणाली. "आत झोपायला तंबू कशाला पाडतोस?"

"आत नाही," रौनो म्हणाला. "घरी."

लाकडं त्यानं सगळी खोपीत रचून ठेवली. आम्ही फाटकापर्यंत चालत गेलो तेव्हा रिकामी साइडकार पावसानं अर्धी भरली होती. रौनोनं ती डब्यानं उपसली, मग बसायची जागा बाहीनं पुसली.

परतीचा रस्ता मला नीट आठवत नाही. मी झोपेतच गाडी चालवत होतो म्हणा, किंवा रस्ता झोपेत आमच्याखालून सरकत होता. पुढे रौनोची पाठ, त्यापुढे उजेड. आम्ही थांबलो तेव्हा एका वळणावर बसल्या बसल्या डुलक्या काढल्या, आणि उठल्यावर रौनो शेजारी नव्हता. गाडीच्या चाकांतून मोहरीएवढे खडे काढत होता. सगळ्या तळ्यांमध्ये तेच आभाळ होतं. रेनडिअरची मादी उठून गेली होती, की ती दुसरी वाट होती, कोण जाणे. मग दक्षिणेकडे येता येता झाडं उंच झाली, आणि एका ठिकाणी, बऱ्याच दिवसांनी, खरी संध्याकाळ समोर आली. निळसर, थोडी थंड, जुनी ओळख असल्यासारखी. मी घड्याळ काढून हातात घातलं. ते बंद पडलं होतं.

आमच्या गावात मोठ्या रस्त्यावरून घरांकडे वळताना सगळ्यांच्या टपालपेट्या एका फळीवर ओळीनं ठोकलेल्या आहेत. तिथून तुइरेचं घर दिसतं. रौनोनं तिथे गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"आता काय?" मी विचारलं.

"हेन्नाची गाडी नाही अंगणात."

"बाजारात गेली असेल. येईल."

"तेच," रौनो म्हणाला. "मी आत्ता गेलो आणि ती नंतर आली, तर शेवटी आलेली ती."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला स्वतःसाठी काही हवं होतं, आणि ते त्याला नियमानं हवं होतं. तो टपालपेट्यांना टेकून उभा राहिला, हेल्मेट पोटाशी धरून. एक शेजारी सायकलवरून गेला, आम्हाला बघून म्हणाला, "पेट्रोल संपलं का?" "नाही," रौनो म्हणाला. "मग?" "वाट बघतोय." "बरं," शेजारी म्हणाला आणि गेला. आमच्याकडे याहून जास्त चौकशी करत नाहीत.

तुइरेनं मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं असणार. ती अंगणातून आमच्याकडे येऊ लागली, ओले हात ॲप्रनला पुसत. ती सावकाश येत होती. धाकटा भाऊ म्हणून मला तिची ती चाल ओळखीची आहे. वाईट ऐकायची तयारी करून चालणाऱ्या बाईची ती चाल असते. रौनोला ती ओळखीची होती की नाही माहीत नाही. तो टेकलेला सरळ झाला.

"घर समोर असताना इथं का उभे?" तुइरेनं मला विचारलं. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही.

"हेन्ना यायचीय," रौनो म्हणाला.

"मग?"

"ती आधी आत जाऊ दे. बाळ पण. मग मी येतो."

"का?"

"म्हणजे मी शेवटी आलेला होईन."

तुइरे तशीच उभी राहिली. तिचाही जन्म इथलाच आहे. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मार्चपासूनचा सगळा हिशोब तिच्या डोळ्यांत उलटा चालत गेला, ओइवाच्या पहिल्या दातापासून मागे, बर्फ वितळण्यापासून मागे, उशी काखेत मारून दाराबाहेर पडणाऱ्या पाठीपर्यंत. तो कुणाकडे पाठ करून गेला होता आणि कुणासाठी, हे तिला तेव्हा दिसलं.

"देवा रे," ती म्हणाली. "आणि मी इकडे..." मग तिचा आवाज चढला. "तुला तोंड नव्हतं का रे? एक शब्द! तुइरे, पोरीला जागा करतोय, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"मला वाटलं, तुला कळलंय."

"मला काय डोंबल कळणार!"

"हो," रौनो म्हणाला. मग म्हणाला, "तू हाक नाही मारलीस."

तुइरेनं ॲप्रनचं टोक पिळलं, पाणी नसताना.

"मला वाटलं, तुला तिकडे बरं आहे," ती म्हणाली.

"नव्हतं," रौनो म्हणाला.

माझ्या माहितीत त्यानं केलेली ही पहिली तक्रार. तुइरेनं हात पुढे करून त्याच्या बाहीवरचा चिखल नखानं खरवडला. मग ती साइडकारपाशी गेली आणि आत डोकावली.

"लाकडं कुठे गेली?"

"खोपीत ठेवली."

"सगळी?"

"सगळी."

ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून हेन्नाची गाडी वळली, काच खाली झाली. "बाबा? आई? झालंय काय?" मागच्या खुर्चीत ओइवा झोपलेला होता, तोंड उघडं टाकून.

"काही नाही," तुइरे म्हणाली. "तू हो पुढे. आत जा आणि दार लोटून घे. आम्ही मागून येतो."

हेन्ना आमच्याकडे आळीपाळीनं बघत पुढे गेली. अंगणात गाडी थांबली, दार उघडलं, मिटलं. तुइरेनं ॲप्रन सारखा केला, साइडकारच्या काठावर हात ठेवला आणि पाय आत टाकला. ती बसली तशी गाडी जरा उजवीकडे कलली. रौनोनं हेल्मेट तिच्या मांडीवर दिलं, पूर्वी पावाची पिशवी असायची तिथे. घर दोन हाकांवर होतं. चालत गेलं असतं तर ते आधी पोचले असते, इतक्या हळू त्यानं ती गाडी नेली.

दाराशी दोघं उतरले. कोण आधी आत जाणार यावर थोडं थांबणं झालं, ते मला लांबूनही दिसलं. मग ते दार तेवढं रुंद नसताना एकदमच आत गेले. तुइरेचा खांदा चौकटीला लागला असावा, कारण तिचा हसण्याचा आवाज आला.

मी टपालपेट्यांपाशी उभा होतो. मला सपाटून भूक लागली होती आणि त्या घरात काळा पाव, खारवलेला मासा आणि उत्तर शोधून आणल्याबद्दल बहुधा थोडं कौतुकही होतं. पण मी आत गेलो असतो तर शेवटी आलेला मी ठरलो असतो, आणि रौनोला मी ओळखतो. त्यानं लगेच उशी काखेत मारली असती.

म्हणून मी गाडी चालू न करता थोडी खाली ढकलत नेली, आवाज होऊ नये म्हणून. वळणावर मागे पाहिलं तेव्हा धुराड्यातून आधी एक बारीक पांढरा झोत निघाला, थांबला, मग जाड धूर वर जाऊ लागला.